दहावं नाव

‘इतर परिस्थिती कायम असताना.’

अर्थशास्त्रातला जवळजवळ प्रत्येक नियम या चार शब्दांनी सुरू होतो. किंमत वाढली की मागणी घटते. पण कधी? तर इतर परिस्थिती कायम असताना. एफवायच्या वर्गात मॅडमनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या बाकावरची एक बाई मात्र खुदकन हसली आणि मोठ्यानं म्हणाली, “अगं बाई! कुणाच्या घरी असते हो मॅडम अशी परिस्थिती?”

ती नंदाताई गायकवाड. तेव्हा छत्तीस वर्षांची होती, मी अठराची. मुलगा दहावी झाला त्याच वर्षी तिनं स्वतःची बारावीची मार्कशीट ट्रंकेतून काढली आणि उल्हासनगरला आमच्या कॉलेजात ॲडमिशन घेतली. पहिल्या दिवशी ती वर्गात आली तर आम्ही सगळे ताडकन उभे राहिलो. तीही दचकली, आणि कोण आलंय ते बघायला मागे वळली. मागे कोणीच नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती इतकी हसली की आम्हालाच लाज वाटली. “बसा गं बसा,” म्हणाली, “मीपण तुमच्यासारखीच नापास व्हायला आलेय.”

अंबरनाथला पूर्वेला, एमआयडीसीच्या अलीकडे, तिचं घर होतं. नवरा तिथल्याच एका कंपनीत ऑपरेटर. ती घरी बसून जीन्सचे धागे कापायची. उल्हासनगरच्या वस्त्यांना कॅम्प म्हणतात; तिथल्या कारखान्यात शिवलेल्या पॅन्टींचे गठ्ठे स्कूटरवरून घरोघर येतात, शिलाईची लोंबणारी टोकं बायका कापून देतात. त्याचं छोटं कटर ती दोरीत ओवून गळ्यात घालायची आणि कॉलेजला येताना काढायला हमखास विसरायची. नव्या जीन्सच्या रंगानं बोटं कायम निळी. तिनं एखाद्याचं पुस्तक वाचायला नेलं की परत येताना त्याच्या पानापानावर निळे ठसे. लायब्ररीतल्या शिपायानं एकदा तक्रार केली, तर म्हणते कशी, “बरंच आहे की. पुस्तक वाचलंय याचा पुरावा झाला.”

मी तत्त्वज्ञान घेतलं ते मानसशास्त्राच्या जागा भरल्या म्हणून. खोटं कशाला बोलू? आमच्या वर्गातल्या बहुतेकांची हीच कथा होती. हट्टानं मागून घेतलेली एकटी नंदाताई. अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान, दोन्ही, आणि शेवटच्या वर्षापर्यंत दोन्हीच ठेवायचे असं ठरवून. असं का, म्हणून मी विचारलं तेव्हा तिनं मला घरी नेलं. खोलीत भिंतीवर निळ्या कोटातल्या चष्मेवाल्या माणसाची तसबीर होती, जशी त्यांच्या सगळ्या वस्तीत घरोघरी असते. खाली खाटेवर तिचे सासरे बसले होते, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी तसबिरीकडे बोट केलं. “हे परदेशात जाऊन दोन्ही विषय शिकले. एक पोटाचा, एक डोक्याचा. माझ्या पोरांना जमलं नाही. सून म्हणाली, मी करते.”

“मामा, तुम्ही म्हणालात म्हणून नाही हं,” नंदाताई चहा गाळता गाळता आतून ओरडली. “मला पटलं म्हणून.”

ती दोन्ही विषयांना मिळून एकच वही वापरायची, जाडजूड लाँगबुक. पुढून अर्थशास्त्र आणि उलटी करून मागून तत्त्वज्ञान. मधली दहा-बारा पानं मुद्दाम कोरी सोडलेली. ती कशाला, हे कळायला आम्हाला सहा महिने लागले.

झालं असं की मॅडम घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम शिकवत होत्या. भुकेल्या माणसाला पहिलं संत्रं फार गोड लागतं, दुसरं कमी, तिसरं त्याहून कमी, पाचव्यात काही मजा उरत नाही. नंदाताईनं विचारलं, “मॅडम, त्यानं पाचवं संत्रं शेजारच्या पोराला दिलं, आणि त्या पोराला खाताना बघून याला पहिल्या संत्र्याएवढंच बरं वाटलं, तर ते कुठल्या रकान्यात मांडायचं?” मॅडम म्हणाल्या, “नंदाताई, हा प्रश्न तुमच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला विचारा.” हिनं खरंच विचारला. लालवानी सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “देखो, उपयोगिता हा तर अर्थशास्त्राचा विषय झाला.” त्या दिवशी रिक्षाच्या रांगेत उभ्या उभ्या तिनं वहीची मधली पानं उघडली. “याला कुणी घरात घेईना,” म्हणाली, आणि तो प्रश्न तिथे लिहून टाकला. पुढे त्या पानांवर असले कितीतरी बेघर प्रश्न येऊन राहिले.

लालवानी सरांबद्दल सांगायला हवं. तत्त्वज्ञान शिकवणारे ते एकटेच, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे कायमची नोकरी नाही. कॅम्प एकमध्ये त्यांच्या भावाचं बटणं आणि चेनचं दुकान होतं. सकाळी आणखी एका कॉलेजात शिकवून ते रिक्षानं धावतपळत यायचे आणि त्यांना रोज दहा मिनिटं उशीर व्हायचा. म्हणून हजेरी घ्यायचं काम त्यांनी नंदाताईकडे दिलं होतं. तिचा एक नियम होता. हात वर केलेला चालायचा नाही. “हात नको, आवाज दे,” ती म्हणायची. “हात काय, झोपेतपण वर होतो. तू आहेस हे तुझ्या तोंडून ऐकू दे.” आम्ही चिडायचो. एक मुलगा घसा बसला म्हणून हात वर करून बसला, तर हिनं त्याला खोकायला लावून मग हजेरी मांडली.

सर एकदा अनुमान शिकवत होते. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे आग आहे हे कळतं, हे त्यातलं जुनं उदाहरण. नंदाताईचा हात वर. “सर, आमच्या एमआयडीसीत एका टाकीवर रोज पांढरा धूर असतो. आगबीग काही नसते. ॲसिडचा आहे तो.”

“तो मग धूर नाही, बाई. धुरासारखं काहीतरी आहे.”

“पण सर, ते जवळ जाऊन बघितल्यावर कळणार ना? लांबून सगळा धूरच.”

दुसरं कोणी असतं तर गप्प बसवलं असतं. सर म्हणाले, “चलो फिर. जवळ जाऊन बघू.” आणि खरंच त्या शनिवारी आम्ही सहा जण दोन रिक्षा करून कंपनीच्या गेटवर जाऊन उभे राहिलो! वॉचमनला वाटलं मोर्चा आला. तेवढ्यात नंदाताईचा नवरा शिफ्ट सुटून डबा हलवत बाहेर आला. आम्हा सगळ्यांना बघून बिचारा गांगरला. हिनं त्याला विचारलं, “अहो, तो वरचा धूर कसला हो? ॲसिडचा ना?”

“धूर कुठला? वाफ आहे ती,” तो म्हणाला. “कूलिंग टॉवर आहे. पाणी थंड करतात.”

सर हसत सुटले. नंदाताईनं तिथेच, गेटला वही टेकवून, मधल्या पानावर लिहिलं, ‘मी चुकले. वाफ आहे.’ खाली तारीख. चुकलं की लिहून ठेवायची तिची ही सवय मला तेव्हा फार मजेशीर वाटायची. आपलं चुकलं हे इतक्या सहज कसं लिहिता येतं, हा प्रश्न मला फार नंतर पडला.

एसवायच्या शेवटी नोटीस लागली. टीवायला तत्त्वज्ञानासाठी किमान दहा नावं आली तरच वर्ग चालेल, नाहीतर विषय बंद. एसवायला आम्ही चौदा होतो. नंदाताईनं त्याच दिवशी सगळ्यांना विचारलं, तर पक्की नावं निघाली चार. चारात तिचं आणि माझं धरून.

तो मे महिना मी जन्मात विसरणार नाही. बदलापूर, अंबरनाथ, शहाड, कॅम्प एक, जिथे जिथे आमच्या वर्गातलं कोणी राहत होतं तिथे तिथे आम्ही दोघी उन्हातान्हाच्या जाऊन आलो. सकाळी धागे कापून, स्वयंपाक उरकून ती निघायची. पिशवीत दोघींपुरती भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. लोक चांगले होते, पाणी विचारायचे, बसवून घ्यायचे. पण पंचाईत झाली ती हिच्या सत्यवादीपणामुळे! कुणा एका जर्मन तत्त्वज्ञाचं आम्हाला शिकवलं होतं की चांगल्या कामासाठीसुद्धा खोटं बोलू नये. आम्ही ते पाच मार्कांसाठी पाठ केलं. हिनं मनावर घेतलं.

कॅम्प एकला एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, “दीदी, इससे नौकरी लगेगी?”

“नाही लगेगी,” नंदाताई म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. वडिलांनी विचारलं, “फिर क्यों पढ़ना?”

“भाईसाब, तुमची मुलगी वर्गात कधी बोलत नव्हती. आता सरांशी भांडते. म्हणते, कशावरून? तेवढा फायदा आहे. बाकी काही नाही.”

बाहेर आल्यावर मी तिच्यावर भडकले. “ताई, थोडं फिरवून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? स्पर्धा परीक्षेला उपयोगी आहे म्हणायचं!”

“आहे का?”

“असेल की कुठेतरी!”

“मग ते तू शोध. खात्री झाली की आपण सांगू.” आणि रुमालानं तोंड पुसून ही पुढच्या घराकडे चालायला लागली. त्या वडिलांचा फोन मात्र रात्री आला. मुलीचं नाव घ्या म्हणाले. “आप झूठ नहीं बोले,” म्हणाले.

अशी एकेक करत नऊ नावं झाली. मला धरून दहा. तिनं मधल्या पानावर यादी केली आणि माझं नाव सर्वांत शेवटी घातलं. “तू घरचीच,” म्हणाली, “घरचे शेवटी जेवतात.”

आणि मी काय केलं ते आता सांगते.

फॉर्म भरायच्या आठवड्यात बाबांनी विषय काढला. माझा आतेभाऊ बँकेत लागला होता. त्यानं सांगितलं होतं, पूर्ण अर्थशास्त्र घेऊ दे तिला, सहाच्या सहा पेपर त्याचेच, दोन विषयांत अर्धंमुर्धं नको. बाबा ओरडले नाहीत, मारलं नाही. नुसतं म्हणाले, “अपर्णा, तुझ्यानंतर अजून दोघी आहेत.” मी दोन दिवस खोलीत बसून राहिले. नंदाताईचे फोन येत होते, मी उचलले नाहीत, ताप आलाय असं बहिणीकडून सांगायला लावलं. शेवटच्या दिवशी दुपारी कॉलेजच्या ऑफिसची खिडकी बंद व्हायच्या आधी गुपचूप गेले, सहा पेपर अर्थशास्त्राचा फॉर्म भरला आणि मागच्या दारानं घरी आले. चोरासारखी.

तत्त्वज्ञानाला नऊ नावं झाली आणि विषय बंद झाला. तासच नाहीत म्हटल्यावर सरांचंही काम गेलं. एका नावासाठी. आजही हे लिहिताना माझी मान वर होत नाही.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी ती मला जिन्यात भेटली. गळ्यात कटर होतंच. वाटलं आता ही मला फाडून खाणार. खाल्लं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझ्या कपाळाला हात लावला, ताप उतरला का म्हणून. मग म्हणाली, “अगं, नाही म्हणालीस याचं काही नाही. तुझ्या घरची परिस्थिती मला कळते. पण मला आधी बोलली असतीस, तर अकरावं नाव शोधायला माझ्याकडे दोन दिवस होते.”

बस. त्यानंतर हा विषय तिनं कधीही काढला नाही.

नाइलाजानं तिलाही सहा पेपर अर्थशास्त्राचेच घ्यावे लागले. आम्ही एकाच वर्गात बसायचो, एकाच रिक्षानं स्टेशनला यायचो. पण तिनं तत्त्वज्ञान सोडलं नाही. दुकान बंद असायचं त्या दिवशी, मंगळवारी दुपारी, लालवानी सर भावाच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर वर्ग घ्यायला लागले. डिग्रीत धरला न जाणारा, परीक्षा नसलेला वर्ग. बटणांच्या खोक्यांवर बसायचं. सुरुवातीला सहा-सात जण जायचे, मग चार, मग बहुतेक वेळा नंदाताई आणि ती कॅम्प एकची मुलगी. “मंगळवारी ये गं,” ताई मला सांगायची. दर आठवड्याला. मी म्हणायचे, “येते ना.” आणि कुठल्या तोंडानं जाणार? पहिल्या मंगळवारी लाज वाटली म्हणून गेले नाही, दुसऱ्याला पहिल्याची लाज. पुढे परीक्षा, पुढे बँकेची परीक्षा, पुढे नोकरी. हो, लागली मला बँकेत नोकरी. धाकट्या दोघींची शिक्षणं झाली, लग्नं झाली. बाबांचं काही चुकलं नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगते. माझी चूक त्या न उचललेल्या फोनमध्ये आहे.

डिग्रीनंतरही त्यांचा मंगळवार बरीच वर्षं चालू होता, हे मला माहीत होतं. कामानिमित्त कॅम्प एकला गेले की ते अर्धं शटर लावलेलं दुकान दिसायचं. एकदा तर मी खाली उभी राहिले. वरून तिचा आवाज आला, “पण कशावरून, सर?” मग हसणं. मला वर जायचं होतं. देवाशप्पथ जायचं होतं. लोखंडी शिडीच्या दोन पायऱ्या चढलेसुद्धा. मग खाली उतरले आणि उगाच एक डझन बटणं कुठे मिळतील म्हणून शेजारच्या दुकानात विचारलं.

दोन वर्षांपूर्वी लालवानी सरांचा बँकेत फोन आला. आवाज थकलेला. “साळवी, गायकवाड बाई जा रही है. कंपनी दुसऱ्या जिल्ह्यात हलवली, नवऱ्याला तिकडे बोलावलंय. आज सामान निघणार. मिलना है तो आज मिल.”

मी मॅनेजरला काय सांगितलं ते आठवत नाही. बदलापूरहून रिक्षानं अंबरनाथला पोहोचले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी टेम्पो भरून उभा होता. कपाट, खाट, शिलाई मशीन, आणि सर्वांत वर चादरीत गुंडाळलेली ती तसबीर. सासरे केव्हाच गेले होते. नंदाताई पुढे ड्रायव्हरशेजारी चढण्याच्या बेतात होती. केस पुष्कळ पांढरे झालेले. गळ्यात कटर नव्हतं, पण बोटं तशीच निळी होती.

“अहो, ही बघा कोण आली!” ती नवऱ्याला म्हणाली. “किती बारीक झालीस. जेवतेस की नुसती मोजत बसतेस?”

इतक्या वर्षांचं काय काय साठलं होतं. मी एवढंच म्हणाले, “ताई, मंगळवार...”

“थांब,” म्हणाली. तिनं पिशवीतून लाँगबुक काढलं. नवं होतं, कितवं कुणास ठाऊक. पण पहिल्या वहीची मधली पानं सोडवून तिनं याच्या मध्ये टाचली होती. तिनं ती उघडून माझ्यासमोर धरली. तिच्या हस्ताक्षरातली ती दहा नावं. पुढे रकाने आखलेले, पान संपलं की नवं पान चिकटवलेलं. तारखा सगळ्या मंगळवारच्या. नऊ नावांसमोर कुठे ‘ह’, कुठे ‘गै’. दहाव्या नावासमोर काहीच नाही. ‘अपर्णा साळवी’, आणि पुढे रांगेनं रिकामे चौकोन, पानामागून पान. फक्त प्रत्येक चौकोनात बोट टेकून टेकून पडलेला निळा डाग.

“दर वेळी नाव घेत होते,” ती म्हणाली. “सर म्हणायचे, गैरहजर मांडा. म्हटलं नको. गैरहजर लिहिलं की विषय संपला. उशिरा आलेल्याला आपण हजेरी देतो की नाही?”

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तिनं वही मिटली, माझ्या गालावरून निळं बोट फिरवलं आणि वर चढून बसली. तिच्या नवऱ्यानं दार लावलं आणि तो मागे सामानाबरोबर बसला. टेम्पो हलला. पुढच्या वळणावर टेम्पो हळू झाला तशी तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि भर रस्त्यात, वर्गात ओरडायची तशी, ओरडली,

“नंबर दहा? साळवी?”

एकच शब्द द्यायचा होता. तोंड उघडलं, पण घशातून हवासुद्धा निघाली नाही. मी हात वर केला, जितका जाईल तितका वर, टाचा उचलून. टेम्पो वळला. तिनं तो हात बघितला की नाही, मला माहीत नाही. बघितला असला तरी तिनं तो चौकोन रिकामाच ठेवला असणार. हात चालत नाही, हे मला माहीत होतं.